दुपारचा गारवा

पंख्याच्या रेग्युलेटरवर तीन आणि पाच या आकड्यांमधली जागा इतकी गुळगुळीत झाली होती, की तिथला चार कधीचाच पुसून गेला होता, आणि विनिताचा अंगठा नेमका त्या नसलेल्या चारावर टेकलेला होता... कुमार बटण पाचावर नेतो, ती तिनावर आणते, तो काही बोलत नाही, तीही बोलत नाही, आणि असं करता करता एक अख्खा आकडा दोघांनी मिळून खाऊन टाकला—संसार म्हणतात तो हाच असावा, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं. मग तिने बटण तिनावर आणलं. पंखा जरा रेंगाळला, आणि मे महिन्यातल्या सकाळची ऊब छतावरून उतरून तिच्या खांद्यांवर बसली.

नव्या पनवेलच्या त्या इमारतीत त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे ऊन आधी त्यांचं आणि उरलंसुरलं इतरांचं. खालच्या सगळ्या मजल्यांवर एसी होते. त्यांची बाहेर टांगलेली यंत्रं दिवसभर घरघरत, आणि शेजाऱ्यांनी आपापल्या खोल्यांतून हुसकून लावलेली उष्णता वर चढून विनिताच्या खिडकीशी येऊन उभी राही. तिने एसी घेतला नव्हता, घेणार नव्हती. वापरली नाही ती वीज सगळ्यात स्वच्छ, हे ती तंत्रनिकेतनात शिकवत होती तेव्हा मुलांना सांगायची. निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभेत सांगायची. आणि सभेत लोक घड्याळं बघू लागले तेव्हापासून घरात सांगू लागली. घरात ऐकणारा एकच होता, पण तो ऐकत असे. गच्चीला तिने यंदा चुन्याचा पांढरा लेप दिला होता. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले होते, आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं की घरभर असा हिरवट, गार वास पसरे, की तिला वाटे आपण एखाद्या विहिरीच्या तळाशी बसलो आहोत आणि वर, फार वर, कुठेतरी पनवेल तापतंय...

आणि लेप लागू पडला होता! पुरावा होता तिच्याजवळ. दर उन्हाळ्यात कुमारच्या पाठीवर घामोळं उठायचं, लालभडक, मानेपासून कमरेपर्यंत, आणि ती त्याला पालथं घालून पावडर थापायची, तो ‘हळू गं, हळू’ करायचा. यंदा मे अर्धा सरला तरी त्याची पाठ तान्ह्या बाळासारखी स्वच्छ होती. पावडरचा डबा आणला तसा भरलेला होता. गेल्या आठवड्यात तिने त्याला खिडकीच्या उजेडात उभं करून पाठ नीट तपासली होती, आणि तो मुकाट्याने सदरा वर धरून उभा राहिला होता.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. एका जुन्या विद्यार्थ्याने भंगारात काढलेला—तिने त्यावर लिनक्स, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली फुकट प्रणाली, घातली आणि तो म्हातारा तरण्यासारखा चालायला लागला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि खाली लुकलुकणारी एक रेघ, तू सांगशील तसं, म्हणत थांबलेली. ही रेघ पहिल्यांदा लुकलुकली तेव्हा ती तिशीत होती. मासिकाबरोबर फुकट आलेली एक चकचकीत सीडी, गलेलठ्ठ मॉनिटर, ती आणि कुमार शेजारी शेजारी. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून तिच्या तोंडात देत होता, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते... आणि रेघ लुकलुकली तेव्हा तो म्हणाला होता, ‘झालं? आता काय?’ ‘आता हे यंत्र आपलं,’ ती म्हणाली होती. त्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारलं होतं, ‘मग कालपर्यंत कुणाचं होतं? पैसे तर आपणच भरले होते.’ तिने त्याला समजावून सांगितलं होतं. कैरी संपेपर्यंत समजावत होती. माझ्या यंत्रात काय चाललंय ते मला उघडून बघता आलं पाहिजे. पटलं नाही तर बदलता आलं पाहिजे. आणि न वाचता ‘मान्य आहे’च्या चौकटीत केलेली खूण ही संमती नव्हे. पुढच्या आयुष्यातलं सगळं काही तिने या एकाच खुंटीला टांगलं. नवा विजेचा मीटर बसवायला आलेल्या माणसाला तिने दारातच विचारलं, यातला प्रोग्रॅम वाचायला कुठे मिळेल?—तो बिचारा पाणीही न पिता गेला. सरकारी अर्ज एकाच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो म्हणून तिने मंत्रालयाला पत्रं लिहिली. कुमारच्या फोनमधलं मूळचं सगळं उपटून तिथेही तिने मोकळं, आपलं असं काही बसवलं. त्यानंतर त्याच्या फोनवर बँकेचं ॲप चालेना, आणि तो लहानसहान कामाला बँकेत जाऊ लागला. कटकट झाली खरी, पण आता कोणतीही कंपनी कुमारचा माग काढू शकत नव्हती. तो कुठे आहे हे जगात कुणालाही कळणार नव्हतं, या विचाराने तिला फार समाधान वाटे.

आज संध्याकाळी जनसुनावणी होती. पळस्प्याच्या पुढे मोठं डेटा सेंटर येऊ घातलं होतं, म्हणजे खिडक्या नसलेल्या कोठारात रात्रंदिवस जळणारी हजारो यंत्रं, आणि ती यंत्रं गार राहावीत म्हणून त्याहून जास्त धडपडणारी आणखी यंत्रं. वीज किती, पाणी किती, कुठून, कुणाच्या तोंडचं... सगळं तिने लिहून काढलं होतं. शेवटचं वाक्य मात्र तिचं नव्हतं. मागच्या बैठकीत काशीराम म्हणून तिथलेच एक शेतकरी उठले होते, जमीन देऊन मोकळे झालेले, मनगटात जाड सोन्याचं कडं, आणि म्हणाले होते, ‘मॅडम, तुमी बोलताव ता बरोबर हाय. नायतर ता चुकीचाबी असंल. पन आमाला कोनी इचारला का? आमची येवढीच गोष्ट हाय, कोनी इचारला नाय.’ ती ते ऐकून थक्क झाली होती. इतकी वर्षं जे मी पानंच्या पानं भरून सांगते ते या माणसाने एका दमात सांगून टाकलं... तिने भाषणाचा शेवट पुसला आणि तिथे लिहिलं: आम्हाला कुणी विचारलं का?

तिसऱ्या पानावर तिने घरचं उदाहरण घातलं होतं. आमच्या घरी साठी ओलांडलेला माणूस वरच्या मजल्यावर, एसीवाचून, सुखाने राहतो. साधे उपाय पुरतात. मी तपासून बघितलं आहे.

भाषण छापायला गेली आणि प्रिंटर अडून बसला. जगातला प्रत्येक लिनक्सवाला प्रिंटरपुढे एकदा तरी हात टेकतोच, पण विनिता सहसा टेकत नसे. आज उकडत होतं. तिने बटणं दाबली, आज्ञा लिहिल्या, चार गोड शब्द आणि दोन कडक शब्द बोलून पाहिले. जेवणाची वेळ झाली. जेवताना कुमारने आमटी दुसऱ्यांदा घेतली, ताटातली मीठलिंबाची फोड चोखली, आणि हात धुऊन नेहमीसारखा सदरा चढवला.

‘बँकेत जाऊन येतो जरा.’

‘या उन्हात? उद्या जा की सकाळी.’

‘सकाळी गर्दी असते गं.’ तो चपला शोधत होता. ‘तिथून मग वाचनालयात बसेन. सुनावणीला वेळेवर येतो. पुढच्या रांगेत बसतो, टाळ्या वाजवतो.’

‘टाळ्या वाजवायच्या नसतात सुनावणीत.’

‘बरं, मान हलवतो.’ आणि तो गेला, छत्री न घेता.

मागोमाग थोड्या वेळाने तीही निघाली. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून जुन्या पनवेलात झेरॉक्सवाल्याकडे जाणं आलं. रिक्षातून उतरली तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हता. ऊन इतकं पांढरं होतं की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं त्यात विरघळल्यासारखी दिसत होती, आणि झेरॉक्सचं दुकान अर्धं शटर ओढून जेवायला बसलं होतं, तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन नुसतीच चालत राहिली. चालता चालता तिला गच्ची दिसू लागली—ही नव्हे, पूर्वीची, भारनियमनाच्या उन्हाळ्यांतली. सगळी इमारत गाद्या घेऊन वर येई, अंधारात कुणाचा तरी रेडिओ, कुणाचं तरी बाळ, आणि कुमार पुठ्ठ्याने तिला वारा घालत असे, स्वतःला नाही, तिला... तू का नाही घेत वारा? ती विचारी. मी दिवसभर घेतलाय, तो म्हणे. ते खरंच होतं. रसायनीच्या कारखान्यात तो कंट्रोल रूममध्ये होता. तिथे काचेमागे भिंतभर दिवे आणि काटे, आणि त्यांना उष्णता सोसत नाही म्हणून खोली कायम थंडगार. पावसाळ्यात तो तिथे स्वेटर घालून बसे. तीसेक वर्षं तो त्या गारव्यात बसला, यंत्रांच्या वाटणीचा गारवा, आणि निवृत्त झाला त्या दिवशी गळ्यातला हार काढून पलंगावर टेकला तेव्हा ती म्हणाली होती, ‘चला, लाड संपले तुमचे.’ तो हसला होता. हसला होता ना? तिला आता त्याचा चेहरा आठवेना. हार आठवत होता, झेंडूचा, कोमेजलेला, पण त्याच्या वरचा चेहरा...

पाय जड झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि रस्ता एका बाजूने वर उचलला गेल्यासारखा झाला. समोर काचेचं दार होतं, आत फ्रिज, धुलाईयंत्रं, भिंतीवर ओळीने एसी. एरवी ती अशा दुकानापुढून नाक मुरडून गेली असती. तिने दार ढकललं, आणि गारवा तिच्या तोंडावर आला.

‘अवो मावशी, बसा बसा,’ एक मुलगी धावत आली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, अंकिता. ‘तोंड बगा कसं लाल झालंय. पानी पिता?’

विनिता पाणी प्यायली. ‘मला काही घ्यायचं नाही हं. जरा उभी राहते.’

‘उबं कशाला? तिकडं खुर्च्या हायत. बसायला कोन काय बोलत नाय इथं. ते काका बगा, रोज येतात.’

दुकानाच्या टोकाला, भिंतीवर चालू ठेवलेल्या एसीखाली, पाठ लववता येणाऱ्या आरामखुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीत कुणीतरी झोपलं होतं. विनिताला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की किती सुखात झोपलाय हा माणूस. तोंड किंचित उघडं, हात पोटावर, चपला खाली जुळवून ठेवलेल्या. मग तिने सदरा ओळखला. सकाळी तिनेच तो दोरीवरून काढला होता.

‘होळीपासनं येतात,’ अंकिता हळू आवाजात सांगत होती, झोपलेला माणूस जागा होऊ नये असा. ‘एसी घ्यायचाय, घरी इचारून सांगतो, बोलतात. रोज तेच. आमी हसतो. शेठ बोलले, बसू दे, भला मानूस हाय.’

‘मग... विचारलं नाही त्यांनी घरी?’

‘काय म्हाईत. त्यांची बायको लय हुशार हाय. कॉम्प्युटरमधली. तिच्या कॉम्प्युटरला व्हायरसच लागत नाय, बोलतात, आनि सरकारला पत्रं लिवते. लय कवतिक करतात तिचं. मी इचारलं एकदा, काका, घाबरता काय तिला? तर बोलले, नाय गं...’ अंकिता आठवू लागली. ‘बोलले, तिचं म्हननं बरोबर हाय. मलाच उकडतं.’

कुणीतरी गिऱ्हाईक दारातून आलं आणि अंकिता तिकडे गेली.

विनिता तिथेच उभी राहिली. भिंतीवरचे सगळे एसी पांढरे, गप्प, आणि एकच चालू, त्याच्या तोंडाला बांधलेल्या लाल रिबिनी फडफडत होत्या. होळीपासून. म्हणजे पाठ... म्हणजे लेप... तो खिडकीच्या उजेडात सदरा वर धरून उभा होता आणि मी म्हणत होते, बघ, बघ, मी सांगत नव्हते? आणि तो म्हणाला होता, ‘हो गं, फरक आहे खरा.’ खोटं बोलला नव्हता तो. फरक होता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवून शास्त्र सिद्ध केलं, आणि कारण इथे या खुर्चीत झोपत होतं. तंत्रनिकेतनात एखाद्या पोराने असा प्रयोग आणला असता तर मी वही भिरकावून दिली असती.

तिला राग आला, तो आधी त्याचाच. तोंड नव्हतं का? एका शब्दाने म्हणाला असता... काय म्हणाला असता? आणि मी काय म्हटलं असतं? ते तिला लगेच, स्वतःच्याच आवाजात, मुद्द्यांसकट ऐकू आलं. विजेचा मुद्दा, कोळशाचा मुद्दा, खालच्या मजल्यांच्या उष्णतेचा मुद्दा, आणि शेवटी वाळ्यावर पाणी शिंपडण्याचा उपाय. त्याने सगळं ऐकून घेतलं असतं. मान हलवली असती. आयुष्यभर तो मान हलवत आला आणि मी ती चौकटीतली खूण मोजत आले, मान्य आहे, मान्य आहे, मान्य आहे. एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तू वाचलंस का काय लिहिलंय?

आणि तरी माझं चूक कुठे होतं? पळस्प्याची यंत्रं गार ठेवायला लागणारी वीज आणि एका माणसाची दुपारची झोप यांची बरोबरी कोण करेल? मीच केली होती. तिसऱ्या पानावर. माझं म्हणणं बरोबरच होतं, तो स्वतः परक्या मुलीला तसं सांगत होता. हेच तिला सोसवेना. तो चिडून इथे येत असता, बायकोच्या नावाने बोटं मोडत असता, तर तिने त्याला गदागदा हलवून उठवलं असतं आणि दोघं भांडत घरी गेली असती. पण ‘मलाच उकडतं’... जणू उकडणं हा त्याचा खाजगी दोष, घोरण्यासारखा, दुसऱ्याला त्रास नको म्हणून बाहेर जाऊन उरकायचा. भर दुकानात, धुलाईयंत्रांच्या मधोमध, आपल्याला रडू येतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने पदर तोंडाला लावला.

त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती जाऊन तीत बसली. खुर्ची आपोआप मागे कलली, पाय वर आले, आणि गारवा मानेवरून, पाठीवरून, ब्लाउजच्या ओल्या कडेवरून असा सावकाश फिरला की तिच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला. बरं वाटलं. फार बरं वाटलं. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायचं? एसीची घरघर पाण्याखाली ऐकू येणाऱ्या आवाजासारखी, दूर, बिनचेहऱ्याची. काचेबाहेर एक पांढरं शहर होतं आणि त्यात कुणी राहत नव्हतं. कुमारचा श्वास ऐकू येत होता. ती त्याच्याकडे मान वळवून बघत राहिली. झोपेत तो तिला ओळखीचा वाटत नव्हता, आणि तो तिशीतला, कैरीच्या फोडी भरवणारा, तोही हाच होता. मधल्या वर्षांत तो कुठे कुठे जाऊन बसत होता कोण जाणे.

त्याची पापणी हलली. ती दचकली. आता तो डोळे उघडणार, मला बघणार, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येणार, एका क्षणात, त्याला लपवता येण्याआधी... ते काय असेल? ओशाळलेपण? की मला बघून नुसतं हसू? की भीती? त्या मुलीला तो नाही म्हणाला होता, पण माणूस झोपेतून उठताना खोटं बोलत नाही. सुनावणीत पन्नास अधिकाऱ्यांसमोर उभं राहायला ती घाबरली नसती. या एका चेहऱ्याला ती घाबरली. उठून निघून जावं का? म्हणजे त्याला कळणार नाही, उद्याही तो बँकेत जाऊन येतो म्हणेल, मी छत्री ने म्हणेन, त्याची ही एवढीशी जागा त्याच्यापाशी राहील. की उठवावं, आणि म्हणावं, चल, हाच घेऊ या, हाच लाल रिबिनीचा? पण मग तेही मीच ठरवलं. हेही मीच.

तिने चपला काढल्या. पर्स मांडीवर ठेवली, हात तिच्यावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. झोप येत नव्हती. ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली, लहानपणी पाहुणे जाईपर्यंत पडून राही तशी. तो आधी जागा होऊ दे. तो मला बघू दे, हवा तितका वेळ. मग त्याला हवं तर तो हळूच चपला घालून निघून जाईल, आणि संध्याकाळी पुढच्या रांगेत बसून मान हलवेल, आणि मी काही विचारणार नाही. किंवा हाक मारेल. उत्तर माझ्याजवळ आधीच तयार नसताना मी त्याला आजवर काही विचारलंच नव्हतं.

शेजारची खुर्ची करकरली. श्वास थांबला, मग पुन्हा सुरू झाला, आता जागा. विनिता पापण्या घट्ट मिटून पडली होती. त्याने हाक मारावी असं तिला वाटत होतं, आणि त्याने निघून जावं, त्याला जाता यावं, असंही तितक्याच जोराने वाटत होतं, आणि या दोन्हींतलं आपल्याला नेमकं काय हवंय ते तिला सांगता येईना. एसी घरघरत होता. चपलांचा आवाज आला नाही, म्हणजे तो अजून बघत होता.